साइमीचे ब्रेक

फिनलंडमधल्या ओउलू शहरात नदीकाठी चार मजली इमारतींची एक रांग आहे. तिथल्या तिसऱ्या इमारतीच्या सायकल-शेडच्या दारावर एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर काळ्या रंगात, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: ‘सायकल उबेत नेऊ नये. नेली आणि वायर गोठली, तर माझ्याकडे येऊ नये. होलप्पा.’

हा होलप्पा म्हणजे ओइवा होलप्पा. इमारतीची देखभाल पंधरा वर्षं त्याच्याकडे होती. निवृत्त झाल्यावर झाडू गेला, बर्फाचं फावडं गेलं, पण फळी राहिली आणि ओइवाही शेडमध्ये राहिला. ‘येऊ नये’ असं लिहिलं होतं खरं, पण आलेल्याला त्याने कधी परत पाठवलं नाही. आधी यथासांग सोलून काढायचा, आणि मग वायर मोकळी करून द्यायचा. तळमजल्यावरचा तउनो, रेल्वेतून निवृत्त झालेला, त्याचं हक्काचं गिऱ्हाईक.

“ओइवा, ब्रेक लागेना.”

“आत नेली होतीस?”

“पॅसेजमध्ये फक्त. थोडा वेळ.”

“पॅसेजमध्ये कशाला? मांडीवर घेऊन बसायचं. दूध पाजायचं. अंगाई म्हणायची.”

“थंडी किती होती काल!”

“लोखंडाला थंडी वाजत नाही, तउनो. थंडी तुला वाजते. उणे तीसमध्ये सायकल बाहेर सुखात असते. तू तिला आत घेतलंस की अंगावरचा बर्फ वितळणार, पाणी वायरच्या नळीत उतरणार, आणि सकाळी बाहेर काढलीस की आतल्या आत गोठणार. मग ओढत बस ब्रेक. रेल्वेत तीस वर्षं काय केलंस रे? शिट्ट्या मारल्यास?”

“शिट्ट्याच मारल्या,” तउनो म्हणायचा. “पण वेळेवर.”

असं बोलत बोलत ओइवा वायर नळीतून ओढून काढायचा, फडक्याने पुसायचा, नळीत चार थेंब स्पिरिट सोडून पाणी हुसकून लावायचा आणि मग पातळ तेल घालायचा. घट्ट ग्रीस त्या थंडीत मेणबत्तीसारखं होतं, ते लावणाऱ्याला तो जन्मभर माफ करत नसे. शेवटी डोळे मिटून तो वायरवरून अंगठा आणि तर्जनी फिरवायचा. ब्रेकची वायर म्हणजे बारीक तारांचा पीळ. ब्रेकच्या दांडीपाशी जिथे ती वाकते तिथे आतली एखादी तार आधी तुटते, आणि ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला टोचते. त्या एका टोचण्यावर ओइवाची सगळी विद्या उभी होती.

आणि तीच बोटं दगा देत होती.

हे कोणाला ठाऊक नव्हतं. निदान ओइवाला तसं वाटत होतं. तरुणपणी बावीस हिवाळे त्याने जंगलात यांत्रिक करवत चालवली होती. सकाळी अंधारात सुरू करायची, दुपारी अंधार पडला की बंद करायची, आणि दिवसभर ती हातात थरथरत असायची. त्या थरथरीने बोटांतलं रक्त पळवलं. त्याच्या वयाच्या निम्म्या लाकूडतोड्यांचं असंच झालं होतं. गारठा लागला की बोटं पेरापेराने पांढरी पडतात, थेट मेलेल्या माणसाची वाटावीत अशी, आणि मग त्यांना सुई टोचली काय की लोणी लावलं काय, सारखंच. डॉक्टरांनी बघून सांगितलं होतं, हात गरम ठेवा. ओइवा म्हणाला, ठेवतो. त्याहून जास्त डॉक्टरांपाशीही काही नव्हतं आणि ओइवापाशीही नव्हतं.

आधी फक्त करंगळ्या जायच्या. मग मधली बोटं. या हिवाळ्यात अंगठा आणि तर्जनीही जायला लागली. वायरचं काम गारठ्यातच करायला हवं, कारण उबेत नेलं की पाणी सुटतं. आणि गारठ्यात ही बोटं पाच मिनिटंही टिकत नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर. तउनोच्या ब्रेकचं काय व्हायचं ते होवो, तो सपाटीवरून दुकानापर्यंत जाणारा माणूस. पण शेडमध्ये एक सायकल साइमीची होती.

साइमी ओइवाची बायको. वय अडुसष्ट, बुटकी, गोल चेहऱ्याची, तोंडाने ओइवाच्या वरताण. तिची बहीण लेम्पी नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात होती. लेम्पीला झटका आला होता, अर्धं अंग गेलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्या अंगात जेवढा हट्ट मावतो तेवढा होता. ती साइमीशिवाय कोणाच्या हातचं खात नसे. तोंड मिटून भिंतीकडे बघत बसायची. म्हणून साइमी रोज सव्वादहाला सायकल काढायची आणि अकराच्या जेवणाला हजर व्हायची. बसने जायचं तर एकदा बदलावी लागे, आणि थांब्यावर उभं राहून गुडघे धरत. ओइवाने गाडी चालवणं डोळ्यांमुळे सोडलं होतं. तेव्हा सायकलच.

साइमीची जुनी सायकल पायाच्या ब्रेकची होती, उलट पॅडल मारलं की थांबणारी. तिच्यात वायरच नव्हती, आणि चाळीस वर्षं तिने कधी दगा दिला नाही. पण ती एका गिअरची, जड. गुडघ्यांना पेलेना, तेव्हा दक्षिणेत तुर्कूला राहणाऱ्या मुलीने गिअरची नवी घेऊन दिली, हाताच्या दोन ब्रेकची. तुर्कूला हिवाळ्यातही पाऊस पडतो. तिथल्या लोकांना गोठलेली वायर म्हणजे काय ते कुठून कळणार?

नवी सायकल आली त्या दिवशी साइमीने दोन्ही ब्रेक दाबून पाहिले आणि म्हणाली, “म्हाताऱ्या, वाटणी करू. चालवायची मी, थांबवायची तू.”

“म्हणजे मी मागे पळत यायचं?”

“लग्नाआधी येत होतासच की.”

तेव्हापासून साइमीच्या ब्रेकला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता.

वृद्धाश्रमाच्या वाटेवर सगळं सपाट आहे, फक्त पूल ओलांडला की एक उतार लागतो. जुन्या गिरणीच्या भिंतीला लागून वाट खाली जाते आणि तळाशी थेट रस्त्याला मिळते. त्या रस्त्याने दिवसभर लाकडाचा भुसा नेणारे ट्रक जातात. त्यांनाही थांबायला बर्फावर वेळ लागतो. ओइवाला रात्री अंथरुणात दुसरं काही दिसत नसे, फक्त तो उतार दिसायचा.

नोव्हेंबरात एकदा काम करताना त्याला बर्फावर लाल ठिपके दिसले. इकडे तिकडे बघितलं, कुठलं मांजर जखमी झालं म्हणून. मग कळलं की वायरची तुटकी तार त्याच्याच तर्जनीत पुरती शिरली आहे आणि तिथून रक्त गळतंय. बोटाला पत्ताच नव्हता. त्याने तार उपटली, बूट घासून ठिपके पुसले आणि हातमोजा चढवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्या दिवशी साइमीच्या सायकलच्या हँडलची पांढरी मूठ कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलेली होती. ओइवाला वाटलं, आपणच पुसली असणार.

त्यानंतर तो रोज सकाळी शेडमध्ये ब्रेक दाबून पाहायचा. दोन्ही हातांनी, सगळं बळ लावून. चाक थांबायचं. पण शेडमध्ये उभं चाक थांबणं वेगळं आणि गिरणीच्या उतारावर अडुसष्ट वर्षांची बाई थांबणं वेगळं, हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं? बोल्ट घट्ट बसलाय की नुसता बसल्यासारखा वाटतोय, हे बोट सांगतं. त्याचं बोट काही सांगत नव्हतं.

“ब्रेक कसे आहेत?” तो रोज दुपारी विचारायचा.

“झकास,” साइमी म्हणायची, आणि बूट काढायला बसायची.

बुटांवरून त्या हिवाळ्यात दोघांची एकदा जुंपली होती. डिसेंबरात साइमीने टाचा बदलून घेतल्या आणि जानेवारी संपायच्या आत परत झिजवल्या.

“तू चालतेस की नाचतेस?” ओइवा म्हणाला.

“नाचते. लेम्पीला बसल्याबसल्या करमत नाही, मग तिच्यापुढे नाचते.”

“चांभाराने रद्दी माल लावला असेल.”

“असेल,” साइमी म्हणाली, आणि एरवी चांभाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, तो केला नाही. ओइवाने तेव्हा लक्ष दिलं नाही. त्याचं लक्ष बोटांकडे होतं.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारची गोष्ट. बुधवारी संध्याकाळी पाच ते सहा इमारतीतल्या बायकांची सौनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची, पाळी असे. साइमी टॉवेल आणि अंगावर मारायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी घेऊन खाली गेली, आणि ओइवाने इतके दिवस मनात घोळत असलेलं पाप करायचं ठरवलं.

तळघरात गरम पाण्याच्या पाइपांची खोली होती. देखभालीच्या काळातली तिची किल्ली त्याने परत केली नव्हती, आणि कोणी मागितलीही नव्हती. त्याने शेडमधून साइमीची सायकल काढली, अंगणात कोणी नाही हे पाहिलं, आणि आपल्याच फळीखालून ती ढकलत उबेत नेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. बाहेर उणे अठरा होतं. खोलीत उकडत होतं. सायकलच्या अंगावरचा बर्फ लगेच पाझरायला लागला.

पण बोटं! पाइपाला हात लावून तो जरा उभा राहिला, आणि बोटांत आधी मुंग्या, मग आग, आणि मग जीव आला. त्याने पुढची वायर काढली, डोळे मिटले, अंगठा आणि तर्जनी फिरवली. एक. दोन. तीन तुटक्या तारा टोचल्या. पाचव्या दिवशी नळाला पाणी यावं तसा त्याला आनंद झाला, आणि मागोमाग भीतीही वाटली, कारण या तीन तारा किती दिवस अशाच होत्या, आणि साइमी रोज त्याच उतारावरून जात होती. मागच्या ब्रेकचा बोल्ट तर हाताने फिरत होता. हाताने! त्याने दोन्ही वायरी नव्या घातल्या, बोल्ट आवळले, एकेक गोष्ट बोटाने तपासली. कित्येक महिन्यांत असं काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

राहता राहिलं पाणी. सायकल आत आणली तर पूर्ण दिवस आत ठेवावी, थेंबन् थेंब सुकेपर्यंत, हे त्यानेच सगळ्यांना शिकवलेलं. त्याच्याकडे दिवस नव्हता, पंधरा मिनिटं होती. त्याने नळ्यांमध्ये दुप्पट स्पिरिट ओतलं, साइमीचं केस वाळवायचं यंत्र आणून वारा मारला, फडक्याने फ्रेम कोरडी केली. अंगणात नेऊन ब्रेक दाबले, चाक जागच्या जागी थांबलं. तो मनाशी म्हणाला, या वेळी चालेल. बाकीच्यांना नियमाची गरज असते, कारण त्यांना काम येत नाही. मला येतं.

साइमी सौनातून लालबुंद होऊन आली. “आज तुला काय झालंय?” तिने विचारलं. “शीळ घालतोयस.”

“उद्या गुरुवार,” तो म्हणाला. “वाटाण्याचं सूप.”

“सूपासाठी शीळ घालणारा नवरा माझ्याच नशिबी होता.”

रात्री थोडा भुरभुर बर्फ पडला, मग आभाळ मोकळं झालं आणि पारा उणे चोवीसवर गेला. सकाळी सव्वादहाला साइमी गेली. ओइवा खाली उतरला नाही, ब्रेक दाबून पाहिले नाहीत. कालच्या कामावर त्याचा भरवसा होता. त्याने वाटाणे चुलीवर चढवले, डुकराच्या पायाचा तुकडा टाकला, आणि मग कालचं फडकं शेडमध्येच राहिलंय हे आठवून ते आणायला गेला.

साइमीची सायकल जिथे उभी असते त्या जागी जमिनीवर बर्फाची एक गाठ होती. बोराएवढी, काचेसारखी. तिच्याशेजारी दुसरी. वर बघायची गरज नव्हती. ब्रेकच्या नळीचं तोंड नेमकं तिथेच येतं. म्हणजे गोठेपर्यंत नळीतून पाणी गळत होतं. जे गळलं ते इथे होतं, आणि जे गळायचं राहिलं ते नळीच्या बाकात, खाली, जिथे पाणी साचतं तिथे. आता ते पाणी नव्हतं.

ओइवाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने घड्याळ पाहिलं. दहा पंचवीस. साइमी पुलावर असेल. ही गोष्ट खिशात फोन यायच्या आधीची, आणि असता तरी दोन जाड हातमोज्यांत सायकल चालवणारी बाई तो उचलणार थोडीच? त्याने टोपी न घालता चालायला सुरुवात केली, मग पळायला. एकाहत्तर वर्षांचा माणूस उणे चोवीसमध्ये जेवढं पळू शकतो तेवढं. थंड हवा छातीत सुऱ्यासारखी जात होती. वाटेत तउनो कुत्र्याला फिरवत होता.

“कुठे आग लागली?” तो ओरडला.

ओइवा तसाच पुढे पळाला. काय सांगणार? मी सायकल उबेत नेली, असं?

पुलावर तो दोनदा थांबला. खाली नदी पांढरी, सपाट, मुकी. तो धावत होता खरा, पण त्याला ठाऊक होतं की या धावण्याचा काही उपयोग नाही. जे व्हायचं ते झालेलं असणार. तरी पाय थांबत नव्हते. देवाशी त्याचं फारसं जाणंयेणं नव्हतं, लग्न आणि मयत सोडून. पण पुलाच्या कठड्याला धरून तो म्हणाला, माझे हात घे, दोन्ही घे, नाहीतरी काय कामाचे आहेत.

उताराच्या तोंडाशी तो पोचला. खाली रस्त्यावरून एक ट्रक भुशाची धूळ उडवत गेला. रस्त्यावर गर्दी नव्हती, रुग्णवाहिका नव्हती, पडलेली सायकल नव्हती. वाट रिकामी होती. आणि रात्रीच्या भुरभुर बर्फावर चाकाची रेघ स्पष्ट दिसत होती. बर्फावर घसरू नये म्हणून खिळ्यांचं टायर त्यानेच चढवलं होतं, खिळ्यांची ठेवण त्याला झोपेतही ओळखता आली असती. साइमीचीच रेघ.

पण रेघ एक नव्हती. चाकाच्या दोन्ही बाजूंना, हातभर अंतरावर, आणखी दोन रेघा होत्या. चाकाच्या नव्हेत. रुंद, खोल, मध्येच अडखळलेल्या, खरवडल्यासारख्या. ओइवा वाकला. त्याला कळायला वेळ लागला, कारण कळून घ्यायची इच्छा नव्हती. त्या टाचांच्या रेघा होत्या. साइमी दोन्ही पाय खाली सोडून, टाचा बर्फात रोवून उतरली होती.

म्हणजे ब्रेक गोठले होते तर. आणि तिने कसंबसं निभावलं. त्याने पहिला श्वास सोडला. मग तो रेघांच्या कडेने खाली चालू लागला, आणि दुसरी गोष्ट दिसली.

साइमी वाटेच्या मधून गेली नव्हती. ती अगदी कडेने, बर्फाच्या ढिगाऱ्याला खेटून गेली होती. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, आजच्या भुरभुरीच्या खाली, तशाच दोन रेघा होत्या. जुन्या, घट्ट गोठलेल्या, एकीवर एक पडून चरासारख्या झालेल्या. एका दिवसात असा चर होत नाही, आठवड्यातही होत नाही. त्याला महिने लागतात. आणि ढिगाऱ्यात जागोजागी खड्डे होते. एक, दोन, तीन. बुटक्या, गोल बाईने कुशीवर पडावं एवढे. त्यांतला एक डिसेंबरातल्या बर्फाने निम्मा भरलेला होता.

ओइवा तिथे उभा राहिला. ट्रक येत होते, जात होते. नोव्हेंबरपासून त्याने रोज विचारलं, ब्रेक कसे आहेत, आणि रोज ती म्हणाली, झकास. पुसलेली पांढरी मूठ त्याला आठवली. डिसेंबरातल्या टाचा, जानेवारीतल्या टाचा. त्याला वाटलं होतं, गुपित आपलं आहे. त्याला इतकं वाईट वाटलं की रडू येईल असं वाटलं, पण त्या थंडीत डोळ्यांतलं पाणीही पापण्यांवर गोठतं, म्हणून त्याने ते येऊ दिलं नाही. आपण काय काय केलं असतं तर हे टळलं असतं, याची तो यादी करायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं की बोटं पांढरी पडली आहेत. हातमोजे घरीच राहिले होते.

तो घरी परतला. वाटाणे तळाला लागले होते. पाण्याखाली हात धरून तो बराच वेळ उभा राहिला.

दीडच्या सुमाराला साइमी आली. गाल लाल, भुवयांवर दव गोठलेलं. “जळका वास मारतोय,” ती म्हणाली. “सूपाला शीळ ऐकवली नाहीस वाटतं आज?”

“लेम्पीने खाल्लं?”

“निम्मं खाल्लं, निम्मं माझ्यावर उडवलं.”

तिने बूट काढले. ओइवाने टेबलाची कड धरली.

“ब्रेक कसे होते?”

“झकास,” साइमी म्हणाली.

ती जेवायला बसली. राय धान्याच्या काळ्या पावावर मोहरीचा लेप देत होती. ओइवाने सूपाकडे बघत बोलायला सुरुवात केली. आयुष्यात एवढं अवघड वाक्य त्याने कधी उचललं नव्हतं.

“मी म्हणत होतो, चौकातल्या दुकानात एकदा दाखव ती सायकल. तिथे नवा मेकॅनिक आलाय. हात चांगला आहे म्हणतात.”

साइमीचा हात थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या त्याच्या हातांकडे, आणि मग पटकन खिडकीबाहेर.

“आणि लोक काय म्हणतील? होलप्पा मेला?”

“लोकांचं सोड. ब्रेकचं बघ.”

“त्या मेकॅनिकला काय डोंबल कळतंय! ग्रीस थापेल. माझ्या ब्रेकला काहीही झालेलं नाही. चाळीस वर्षं तुझा हात बघतेय मी.” तिचा आवाज थोडा चढला. “दुसऱ्या कोणाचा हात लावायचा नाही मला. संपलं. सूप खा.”

आता काय करायचं? मी उतार पाहिला, असं म्हणावं तर इतके महिने तिने जे सांभाळलं ते एका वाक्यात फुटणार. न म्हणावं तर उद्या सव्वादहाला ती पुन्हा निघणार. सायकल लपवावी तर लेम्पी उपाशी राहणार. समोर बसलेली ही बाई त्याला ओरबाडत असती, दोष देत असती, तर त्याला काही बोलता आलं असतं. तिच्या दयेपुढे त्याने हात टेकले. त्याने सूप खाल्लं. ते करपलेलं होतं आणि दोघांनीही पुन्हा मागून घेतलं.

तीन वाजता साइमी कपडे धुवायच्या खोलीत गेली, तिची तासाभराची पाळी होती. ओइवाने दाराजवळचे तिचे बूट उचलले आणि उलटे केले. टाचा तिरप्या झिजून आतलं पांढरं दिसत होतं, चिंधीसारखं. तो बूट हातात घेऊन स्वयंपाकघरात आला. चूल अजून गरम होती. त्याने तिच्यावर हात धरले, बोटं जागी झाली.

कपाटात जुनं खिळ्यांचं टायर होतं. त्याने त्याचे दोन तुकडे कापले, टाचेच्या मापाने. झिजलेली टाच कापून सपाट केली, रबर चिकटवायचा डिंक लावला, तुकडे बसवले, बारीक चुकांनी, छोट्या खिळ्यांनी, कडा ठोकल्या. इथे पाणी गोठायचं नव्हतं, वायर नव्हती, उबेत केलेलं काम उबेतच राहणार होतं. बोटांना सगळं कळत होतं: कुठे डिंक कमी पडलाय, कुठली चूक आत टोचतेय. ती त्याने काढून परत ठोकली. मग प्रत्येक खिळ्यावरून अंगठा फिरवला, डोळे मिटून. एकही सैल नव्हता. तो काम करत होता आणि त्याला कळत होतं की आपण बायकोला त्या उतारावर जायला मदत करतोय. पण दुसरं काही करण्यासारखं त्याच्यापाशी उरलं नव्हतं. बूट त्याने जिथे होते तिथे, होते तसेच, नेऊन ठेवले.

साइमी कपडे घेऊन आली. बुटांकडे तिचं लक्ष गेलं की नाही, ते त्याला कळलं नाही.

सकाळी उणे सव्वीस होतं. ओइवा आधी खाली जाऊन आला. वायरीत स्पिरिट घातलं, ब्रेक दोन्ही हातांनी दाबले. दांडी हलली, थोडी. तो वर आला तेव्हा साइमी दाराशी बूट घालत होती. उभी राहिली आणि टाच जमिनीवर टेकवली. खिळे फरशीवर कडकडले. ती थांबली. मग तिने दुसरी टाच टेकवली, आणि हळूच, फरशीवर ओरखडा उठेल अशी, मागे ओढली. टाच धरून राहिली.

तिने मान वर केली नाही. हातमोजे चढवायला तिला फार वेळ लागला.

“ब्रेक बघितलेस?” तिने विचारलं.

“बघितले,” ओइवा म्हणाला.

“चांगले आहेत?”

“या खेपेला चांगले आहेत.”

तिने त्याची टोपी खुंटीवरून काढली, त्याच्या डोक्यावर ठेवली आणि कानांवर ओढली, जरा जास्तच जोरात. “बाहेर पळायचं असेल तर घालून पळ,” ती म्हणाली. “तउनो सगळ्या इमारतीला सांगत फिरतोय.”

मग ती गेली. जिन्यावर खिळ्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. ओइवा टोपी घालूनच खिडकीशी गेला. तिथून ती पुलाच्या वळणापर्यंत दिसते, पुढे दिसत नाही. तेवढं त्याने पाहिलं, आणि दीड वाजेपर्यंत तिथेच बसून राहिला.